ओझेला पिंकार्डचं गाणं आणि बाकी सगळ्यांच्या आज्या

ओझेला पिंकार्डने ते गाणं एका मरणाऱ्या म्हातारीच्या तोंडून चोरलं, अशी कुजबुज १९३८ साली शिकागोतल्या आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत, साउथ साइडला, घरोघर चालली होती. म्हातारीचं नाव झिल्फा टल. सात वर्षांपूर्वी ती इस्पितळात शेवटचे दिवस मोजत असताना ओझेला रोज उशाशी बसायची आणि म्हातारीने डोळे मिटताच गाणं घेऊन पसार झाली, म्हणे. मी स्वतः ही बातमी निदान अकरा जणांना सांगितली असेल. बाराव्याने मलाच सांगितली, तेव्हा तिच्यात एक सोन्याची अंगठीपण आली होती.

ओझेला जॉर्जियातून शिकागोला आलेली. आठवडाभर लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीखाली साहेबांच्या कॉलरी कडक करायची आणि रविवारी आमच्या माउंट झोअर चर्चमध्ये पियानोवर बसायची. उजवा हात देवाला वाहिलेला. डावा मात्र कुठे शिकून आला होता ते विचारायची सोय नव्हती. तो हात सुरू झाला की डीकन लोकांचे, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळींचे, पाय आपोआप हलायचे आणि मग ते एकमेकांकडे रागाने बघायचे.

गाणं तिने १९३१ साली बांधलं. ‘प्रभू, माझ्या पायांतले बूट तू काढ.’ दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या बाईचं गाणं. ते घेऊन ती प्रोफेसर फेन्ट्रेस यांच्याकडे गेली. हे गृहस्थ कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हते. पण आमच्याकडे ज्याला स्वरलिपी वाचता येई तो प्रोफेसर. चर्चचा गायकवृंद त्यांच्या मुठीत होता आणि त्यांना फक्त जर्मन लोकांची भारदस्त स्तोत्रं आवडायची.

“सिस्टर पिंकार्ड, हे देवाच्या घरात वाजवायचं की गुत्त्यात?”

“जिथे पाय दुखतात तिथे, प्रोफेसर.”

“आमच्या चर्चमध्ये कोणाचे पाय दुखत नाहीत,” असं म्हणून त्यांनी पियानोचं झाकण लावलं. तिची बोटं थोडक्यात वाचली.

मग ती दुकानांच्या गाळ्यांत भरणाऱ्या छोट्या चर्चांत गेली. तिथे स्वरलिपी कोणाला येत नव्हती, तिलाही येत नव्हती. ती तोंडाने शिकवायची, टाळी कुठे मारायची ते मांडीवर थापटून दाखवायची आणि वर सांगायची, “शब्द अडला तर थांबू नका गं, जिभेला येईल ते गा, पण ताल सोडू नका.” शब्द लिहिलेला कागद ज्याने मागितला त्याला देऊन टाकला. सात वर्षांत ते गाणं साउथ साइडभर झालं. लग्नात, मयताला, मासे तळतानासुद्धा. आमची तरुण पोरं गाताना डोलायला लागली ती तिच्यामुळेच.

अडतीस साली सगळ्या चर्चांच्या सभेने एक गीतपुस्तक छापायचं ठरवलं. निवड प्रोफेसरांकडे. ओझेलाने कच्ची प्रत पाहिली आणि शनिवारी दुपारी, गाण्याची तालीम चालू असताना, ती चर्चच्या तळघरात उतरली. मी तिथे खुर्च्या मांडत होतो. म्हणजे एक खुर्ची बराच वेळ मांडत होतो.

“प्रोफेसर, माझं गाणं ‘पूर्वजांची गाणी’मध्ये घातलंय. वर नाव नाही.”

“पूर्वजांच्या गाण्यावर नाव नसतं, सिस्टर.”

“मी पूर्वज दिसते तुम्हाला? अजून माझे दात माझेच आहेत!”

तालमीला आलेली पोरं हसली. कोपऱ्यात मदर टेम्पी गॅड्सडेन रविवारच्या जेवणासाठी चवळ्या सोलत बसल्या होत्या. वय ऐंशी, म्हणून साऱ्या चर्चच्या ‘मदर’, आणि शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, “अगं पोरी, हे गाणं म्हणत माझी आजी मला झोपवायची.”

“मदर, तुमची आजी तुमच्या जन्माआधी गेली. मागच्या ईस्टरला तुम्हीच सांगितलंत.”

“मग दुसरी आजी असेल!”

“माझीही आजी म्हणायची,” मागून एकजण बोलला. मग आणखी एक. दहा मिनिटांत सात आज्या जमा झाल्या. आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं हो! गाणं इतकं अंगात मुरलं होतं की आज्यांना ते गाताना सगळ्यांनी खरोखर ऐकलं होतं.

ओझेलाने पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या. “ठीक आहे. दुसरं कडवं म्हणा. त्यात वाफेच्या इस्त्रीची खोली आहे. तुमच्या आज्या गुलामीत राबल्या त्या मळ्यात वाफेची इस्त्री होती का ते मग सांगा.”

पोरांनी जीव ओतून कडवं म्हटलं. ‘कापसाच्या ओळीत मी उभी दिवसभर...’

“इस्त्री कुठे गेली?” ओझेला ओरडली. “कापूस कोणी घातला?”

कोणालाच माहीत नव्हतं. ह्याने त्याच्याकडून ऐकलेलं, त्याने तिच्याकडून. शेवटी एक पोरगी चाचरत म्हणाली, “सिस्टर, तुम्हीच तर सांगितलं होतंत, जिभेला येईल ते गा.”

मदर टेम्पींनी चवळीची शेंग मोडली. “आणि झिल्फा टलचं काय? तेव्हा हे गाणं कोणाला ठाऊकही नव्हतं, आणि ती इस्पितळात हेच गात होती. नर्सेसनी कानांनी ऐकलंय. चोराच्या उलट्या बोंबा!”

“मदर, झिल्फाला तर मीच—”

प्रोफेसरांनी पेन्सिल टेबलावर आपटली. “पुरे! सिस्टर, गाणं तुमचं आहे असं लिहून द्या. मी आत्ता ते पुस्तकातून काढतो. नवी गाणी आपण घेतच नाही. पूर्वजांचं असेल तर दोनशे चर्चांत जाईल. तुमचं असेल तर घरी न्या.”

ज्या माणसाने सात वर्षांपूर्वी झाकण लावलं, त्यालाच आता ते पवित्र वाटत होतं, कारण ते तिचं राहिलं नव्हतं. ओझेलाने ती प्रत त्यांच्याकडे परत सरकवली.

“छापा,” ती म्हणाली. “पण टाळी दुसऱ्या मात्रेवर छापा. पहिलीवर मारली तर मिरवणूक होते.”

“टाळी छापत नाहीत, सिस्टर.”

“मग काय छापता हो तुम्ही?” ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

त्यानंतर तिने आणखी साठेक गाणी बांधली. प्रत्येकात पहिल्याच ओळीला काहीतरी असं घालायची की ते आजीचं वाटू नये: टेलिफोन, ट्राम, गॅसची शेगडी. त्यांतलं एकही चाललं नाही. बुटांचं गाणं मात्र तिच्या अंत्यविधीलाही म्हटलं गेलं. पत्रिकेत छापलं होतं: ‘पूर्वजांचं गीत’. मदर टेम्पी तेव्हा शंभरीला टेकल्या होत्या. सगळ्यांत मोठ्या आवाजात त्याच गायल्या. टाळी पहिल्या मात्रेवर.

झिल्फाची मुलगी अजून आमच्या गल्लीत राहते. मी तिला विचारायला वीस वर्षं लावली. ती म्हणाली, ओझेला लाँड्रीतून सुटली की रोज आईकडे इस्पितळात यायची आणि तिचे पाय चोळता चोळता आपलं अर्धवट गाणं जुळवायची. आईने ते ऐकून ऐकून पाठ केलं आणि ओझेला घरी गेली की नर्सेसना म्हणून दाखवलं. गाणं ओझेलाचंच होतं.