भिंतीकडेची जागा

मी जर्मनीत, येना शहरात मुलाकडे राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी दवाखान्याच्या हॉलमध्ये व्यायामाला जायचे, तिथे हा माणूस भेटायचा. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. दक्षिण आफ्रिकेतला, माझ्याहून चार वर्षांनी लहान, टोपी कपाळावर ओढलेली. तिकडे वस्तीत त्यांचा पाच जणांचा नाचगाण्याचा ग्रुप होता. गिटार सुरू झाली की पाचही जण एका ओळीत उभे राहून पाय असे आपटायचे की धूळ उडायची. चौघे गेले, आता हा एकटाच उरलेला.

साखरेमुळे त्याचा उजवा पाय काळा पडत चालला होता. तरी व्यायाम संपला की तो चार पावलं नाचून दाखवायचा, पण भिंतीला अगदी चिकटून. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "अहो, एवढी मोकळी जागा आहे, मध्ये या की!"

"आई," तो म्हणाला. त्यांच्याकडेही मोठ्या बाईला आईच म्हणतात. "तिथे ते चौघे आहेत. माझी जागा कडेची."

"कोणाला शिकवलंत की नाही?"

"पोरं व्हिडिओ बघून शिकतात. सगळ्यांना मध्येच उभं राहायचं असतं."

मग महिनाभर तो दिसला नाही. आला तो चाकाच्या खुर्चीत, आणि उजवा पाय गुडघ्यापासून नव्हता. नर्सबाईंनी खुर्ची हॉलच्या मधोमध सोडली. त्याने स्वतःच चाकं फिरवली आणि भिंतीकडेला जाऊन थांबला. डावा पाय दोनदा आपटला, मग तोही थांबला.

मी माझी खुर्ची तेवढी मागे ओढून घेतली. त्या चौघांच्या जागेत होती ना ती.