आमच्या शिलाई क्लासातलं पॉपकॉर्न

कामरगावात शिलाई क्लास सुरू केला तेव्हा वाटलं होतं, इथं फक्त चिंध्या साचतील. साचले किस्से. त्यातले चार तर एकाच शब्दाचे, पॉपकॉर्न. खायच्या पॉपकॉर्नला आम्ही लाह्याच म्हणतो, त्यामुळे तो शब्द बाकीच्या कामांना मोकळा होता.

एक शिक्षिका टॉपची उसवलेली बाही शिवायला देऊन गेल्या. कापड चुरगळलेलं, फुगेफुगे आलेलं. त्यालाच पॉपकॉर्न कापड म्हणतात. दिसतं लहान, पण ताणून कोणालाही बसतं. आमच्या वनिताने बाही शिवली आणि चांगल्या मनाने वरून कडक इस्त्री फिरवली. टॉप चादरीएवढा झाला.

बाईंनी तो हातात धरून शांतपणे विचारलं, "म्या शिवाले देला होता. तुमी पेरला का?"

मग क्रोशा आला. त्यात पॉपकॉर्न नावाचा टाका असतो, फुगीर दाण्यासारखा. क्लासातल्या शोभाने घरी सांगितलं, "आज पॉपकॉर्न शिकाले चालली." तिची सासू म्हणाली, "लाह्या फोडाले क्लास कायले लागते?" आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या लाह्यांचा डबा घेऊन स्वतःच शिकवायला हजर.

आम्ही तिच्या हातात क्रोशाची सुई दिली. आज क्लासात सगळ्यात गोल दाणा तिचाच येतो.

एकदा पिकोच्या मशीनवर आधी कोणी बसायचं यावरून वनिता आणि शोभा क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडत होत्या. क्लासातल्याच दीपालीने मध्येच पॉपकॉर्नच्या डब्याचं चित्र टाकलं. म्हणजे, चालू द्या, मी मजा पाहते. वनिताला ती मोगऱ्याची टोपली वाटली. तिने लिहिलं, "दीपालीनं फुलं पाठवली, आता काय भांडा लागते. शोभा, तूच बस पह्यले."

तिला अजून कोणी खरं सांगितलेलं नाही.

सुनंदाताई आमच्यात वयाने मोठ्या. त्यांच्या हाताला छातीत गाठ लागली. घरी नवऱ्याला आणि इथे मला, दोघांनाच सांगितलं. आठ दिवस त्या उलट्या बाजूने शिवण घालायच्या आणि उसवत बसायच्या. नवरा सोयाबीन काढण्यात अडकलेला, म्हणून अकोल्याला तपासणीला मी सोबत गेले.

डॉक्टरीण बाईंनी मॅमोग्राफीची फिल्म उजेडावर धरली. "जुनी, साधी गाठ आहे. आत चुना साचलाय, तो पॉपकॉर्नसारखा दिसतो. असा दिसला की आम्ही निश्चिंत होतो. हा कॅन्सर नाही."

स्टँडवर आलो तेव्हा नवऱ्याचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"काय निंगालं?"

"पॉपकॉर्न."

तो म्हणाला, "तू तपासणीले गेली का सिनेमाले?"

"सिनेमाले," ताई म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात देऊन तिथेच बाकावर बसून रडायला लागल्या.