मास्तरांचा मुका कॉम्प्युटर

कॉम्प्युटरच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाइकंच ते मशीनसोबत आणून देतात. कुडाळला माझं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कॅबिनेट उघडल्यावर आत पालीची अंडी निघाली, मुंगळ्यांचं अख्खं वारूळ निघालं, आणि फोंडाघाटच्या एकाच्या मशीनमध्ये उंदरानं साठवलेल्या मूठभर काजूबिया निघाल्या. त्या गृहस्थानं मशीन आठ दिवसांनी नेलं, काजू मात्र त्याच दिवशी नेले.

पण किस्से पुरवण्यात आमच्या सावंत मास्तरांचा हात कोणी धरणार नाही. मास्तरांनी मला नववीत गणित शिकवलं. म्हणजे त्यांनी शिकवलं, मी काही शिकलो नाही, आणि हे ते अजून चारचौघांत सांगतात. रिटायर झाल्यावर त्यांनी माझ्याकडून एक मशीन बांधून घेतलं, तेही गेमिंगचं. त्या एका मशीनवर मी जन्मभर गप्पा मारू शकतो.

*

आता मास्तरांना ह्या वयात गेमिंग कशाला, तर मुलासाठी. मुलगा प्रसाद जर्मनीत असतो. फोनवर बापलेकांचं बोलणं "बरो आसंस मा?" आणि "बरो आसंय" इथं संपायचं. मग प्रसादनं त्यांना एक गेम लावून दिला. दोघांनी मिळून जंगलात घर बांधायचं आणि चालून येणाऱ्या भुतांना मारायचं. दर रविवारी संध्याकाळी दोघं बसायचे, आणि भुतं मारता मारता प्रसाद नोकरीचं, शेजाऱ्याचं, दुखऱ्या पाठीचं, सगळं सांगायचा. मास्तर मला म्हणाले, "विलास, मेलो पोरगो भुतां इली काय बोलता. भुतां नाय तर गप."

अडचण होती जुन्या लॅपटॉपची. गेम सुरू झाला की त्याचा पंखा असा घरघरायचा की शेजारचे विचारायचे, पिठाची गिरण घातलीत काय. कानात काही घातलं की मास्तरांना चक्कर येते, त्यामुळे हेडफोन नाही, स्पीकर आणि माइक दोन्ही टेबलावर. पलीकडे प्रसादला बापाऐवजी पंखाच ऐकू यायचा. "बाबा, परत सांगा" असं चारदा झालं की तो "जाऊ दे" म्हणायचा. त्या "जाऊ दे"ची मास्तरांनी धास्ती घेतली होती. कारण प्रसादशी बोलणारे घरात ते एकटेच उरले होते. पोरानं तिकडं घर विकत घेतल्याचं कळलं त्या दिवसापासून काकींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याचा आवाज आला की त्या उठून सैपाकघरात. वर्ष झालं होतं.

तर मास्तर यंदाच्या काजूचे पैसे खिशात घालून दुकानात आले. म्हणाले, "ह्या पैशात बसात असो कॉम्प्युटर करून दी. भुतां मरूक होयी, आणि आवाज एकच होयो. माझो."

*

मी पार्टची यादी दिली, प्रत्येक पार्टला दोन-तीन पर्याय. मास्तरांनी ती घरी नेली आणि लाल पेनानं तिचं प्रगतिपुस्तक करून आणलं. पहिल्या प्रोसेसरपुढे शेरा होता, "हुशार, पण तापट. वर्गात गडबड करतो." दुसऱ्यापुढे, "मध्यम, पण शांत व मेहनती. वरच्या वर्गात घालावा." काचेच्या कॅबिनेटपुढे, "नटण्याकडे लक्ष, अभ्यास नाही."

खोटं कशाला सांगू, निवड अचूक होती. फक्त पॉवर सप्लाय त्यांनी सगळ्यात स्वस्तातला घेतला होता. मी म्हटलं, बाकी कुठंही हात आखडा, इथं नको, कारण चांगल्या सप्लायचा पंखा हलक्या कामाला फिरतसुद्धा नाही. सगळे वॅट मिळवून दाखवले. मास्तरांनी बेरीज तपासली, पुन्हा तपासली, आणि बरोबरची खूण करून मान वर केली.

"ही बेरीज नववीत कित्याक जमाक नाय तुका?"

*

माझा मेहुणा बाबल शिरोड्याला मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. पावसाळी मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा हा माझ्या दुकानात येऊन बसतो आणि फुकट सल्ले देतो. मास्तरांच्या मशीनला थंड करायचा त्याचा पहिला सल्ला होता, विहिरीवरून पाइप आणा.

पण पंखे निवडायला तो हवाच. मी पाच पंखे मागवले होते. बाबलनं एकेक चालू केला, स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बोटीच्या इंजिनाचं बेरिंग असंच ऐकतात म्हणे. दोन पंखे बाजूला काढून म्हणाला, "हे बडबडतत." मला काही ऐकू येत नव्हतं, मास्तरांनाही नाही. दोन महिन्यांत त्यातला एक माझ्याच दुकानाच्या मशीनमध्ये खडखडायला लागला, पण हे मी बाबलला अजून सांगितलेलं नाही.

उरलेल्या तिन्ही पंख्यांना रंगीबेरंगी दिवे होते, कारण बिनदिव्यांचे महाग पडत होते. ते लुकलुकायला लागले तसा बाबल म्हणाला, "मास्तरांनू, पडदो खंय आसा? दशावतार सुरू होतलो आता."

*

ह्याच बाबलनं मला एकदा रडवलंसुद्धा. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर यांच्यामध्ये एक पेस्ट लावतात, उष्णता वर जावी म्हणून. मटाराच्या दाण्याएवढी पुरते. प्रोसेसर बोर्डावर बसवून, ट्यूब शेजारी ठेवून मी चहा सांगायला गेलो. परत येतो तर प्रोसेसर दिसेना. त्याच्या जागी पिवळट गोळा, पुरणपोळीवर तूप थापावं तसा, आणि बाबल समाधानानं हात पुसतोय.

त्यानं बोटीचं ग्रीस लावलं होतं. मी कपाळावर हात मारला. तर तो मलाच समजावू लागला, "ती बारकी ट्यूब दाढी करूक पण पुराची नाय. आणि दर्याची हवा आसा, गंज धरता." सगळं उतरवून, स्पिरिटनं पुसून काढायला मला अख्खी दुपार लागली. मास्तर शेजारी बसून बघत होते. शेवटी फक्त एवढंच म्हणाले की, तुमच्या दोघांत नापास कोण, हे आता नीट कळत नाही.

*

ग्राफिक्स कार्डावर मात्र सगळं अडलं. बजेटमध्ये नवं कार्ड जरा खालच्या दर्जाचं येत होतं. तेवढ्याच पैशात दोन जुनी, मोठी कार्डं मिळत होती, एक खारेपाटणला आणि एक गोव्याला. मी सांगत होतो, जुनं घेऊ नका, पंखे झिजलेले असतात, आवाज करतील. मास्तर रोज येऊन माझं ऐकायचे आणि रोज नव्यानं विचारात पडायचे.

शेवटी काकी म्हणाल्या, कौल घ्या. आमच्याकडे लग्न, विहीर, घराचा पाया, काहीही अडलं की देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जन्मभर गणित शिकवलेला माणूस ग्राफिक्स कार्डासाठी देवळात जाणार नाही अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात होतो.

गुरवांनी मास्तरांनी कार्डांची माहिती लिहून आणलेला कागद हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक भुतां मारूची आसत. खारेपाटणच्या कार्डात आठ जीबी आसत. ता तापाचा नाय, जळाचा नाय, आवाज करूचा नाय, असा आसात तर उजवो दी रे म्हाराजा." मागे उभे असलेले चौघे, ज्यांना जीबी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

अर्धा तास पाकळी हलली नाही, मग डावी पडली. गोव्याच्या कार्डाला लगेच डावी पडली. नव्या कार्डाला उजवी. मास्तरांनी तिथूनच मला नवं कार्ड मागवायला सांगितलं. पंधरा दिवस मी दुसरं काय सांगत होतो? पण मला कोणी पाकळ्या लावत नाही.

*

मशीन घरी बसवलं त्या दिवशी काकींनी पूजा मांडली. प्रसादशी अबोला असला तरी घरात आलेल्या नव्या वस्तूला हळदकुंकू हवंच. मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. म्हणजे आवाज काहीच झाला नाही. मास्तरांनी कॅबिनेटला कान लावला. काकींनी विचारलं, "मेलो काय हो?"

माझ्यासोबत आलेल्या बाबलनं पंख्यांच्या लुकलुकत्या दिव्यांकडे बोट दाखवेपर्यंत काकींनी उदबत्ती ओवाळायला घेतली होती. पुढच्या पंख्यांनी तिचा धूर गपकन आत ओढला आणि मागच्यानं बाहेर सोडला. काकींना दिसलं ते एवढंच की कॉम्प्युटरच्या पाठीतून धूर येतोय. "पेटलो गो बाय" म्हणत त्यांनी कळशी उचलली. मी पुढे झालो आणि कॅबिनेटला मिठी मारली. पूजेचं पाणी माझ्या पाठीवर पडलं, मशीन कोरडं राहिलं. काजूचा सगळा हंगाम त्या दिवशी माझ्या शर्टानं वाचवला.

*

त्यानंतरचा रविवार गेला. मास्तरांचा फोन नाही. मी मनात म्हटलं, गेलं काहीतरी. सोमवारी मीच त्यांच्या घरी गेलो. मास्तर ओसरीवर एकटेच बसले होते. विचारलं, "आवाज येतो काय?" तर म्हणाले, "आवाज नाय, ताच तर झाला."

झालं होतं असं. रविवारी दोघं खेळायला बसले. मशीन गप्प, घर गप्प. खेळ जरा रंगात आला तोच प्रसाद मध्येच थांबला. भुतं अंगावर आली तरी हलेना. मास्तर ओरडताहेत, "मार, मार." आणि पलीकडून प्रसाद म्हणाला, "जेवलंय गो आये."

मास्तरांना काही कळेना. मागे वळून बघतात तर सैपाकघराच्या दारात काकी उभ्या, हातात अर्धा खवलेला नारळ.

"ती आतसून विचारी होती," मास्तर म्हणाले. "तो जेवलो काय विचारा, म्हणान. दर रविवारी विचारी, म्हणता. पंख्यात माका कधी ऐकाक येवक नाय, तेका तरी खंयसून येतला?"

मी त्यांच्या शेजारी टेकलो. मग विचारलं, "काकी काय म्हणाल्या?"

"काय म्हणतली? काय जेवलंस, म्हणान विचारल्यान. मग भात कोणी केलो, ता विचारल्यान. मग माका उठवल्यान आणि खुर्चेर बसली." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "दीड तास झालो, उठली नाय. भुतांनी घर खाल्ल्यानी आमचा."

"आणि तुम्ही?"

"मी सैपाकघरात. नारळ तरी खवतंय म्हटला, तर भायरसून माका सांगता, जरा हळू खवा हो, तेका ऐकाक येणा नाय."