दौलूचा चोविसावा अंक

जुनी कॉमिक्स जमवणाऱ्या माणसांकडं कॉमिक्सपेक्षा किस्सेच जास्त साठतात. कॉमिक्सना वाळवी लागते, घरचे लोक ती रद्दीत घालतात. किश्श्यांना मात्र कुणी हात लावत नाही! माझे तर वहीतच आहेत. मी बेळगावातल्या अनगोळची, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. कुठला अंक कुणाकडं आहे, कुठल्या अवस्थेत आहे, हे लिहून ठेवायची मला जुनी सवय. शाळेचं जनरल रजिस्टर लिहिते तसंच. नोंदीच्या शेजारी समास सोडलेला असतो आणि त्या समासात माणसं काय बोलली ते येतं. नोंदी फारशा कुणाच्या कामाच्या नाहीत. वाचावा तर समास वाचावा.

आमचा कंपू चौघांचा. कॅम्पातल्या एका बोळात शिवाण्णाचं दुकान आहे. पुढं झेरॉक्स, मागं जुन्या कॉमिक्सचा धंदा. कंग्राळीचे बापू पाटील शेती सांभाळून फाउंड्रीत नोकरी करायचे. निपाणीचे कांबळे सर कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले. आणि चौथी मी. रविवारी सकाळी जमायचं, मागच्या खोलीत स्टुलांवर बसायचं. तिघंही मला आक्का म्हणतात. पहिल्याच रविवारी बापू म्हणाले होते, "आक्का, तुमी आपली रांगोळीची पुस्तकं गोळा करा की! ह्यात काय हाय तुमचं?"

सहा महिन्यांनी तेच फोन करून विचारायला लागले, "आक्का, माझ्याकडं काय काय हाय ओ?"

*

बापूंना साठ वर्षं झाली तेव्हा त्यांच्या मुलानं गुपचूप सरप्राइज ठरवलं. ट्रंकेतली सगळी कॉमिक्स उचलून नेली, पिना काढल्या, पानं सुटी केली आणि एकेक पान लॅमिनेट करून आणलं! वर स्पायरल बाइंडिंग. केक कापल्यावर सगळ्या पाहुण्यांपुढं गठ्ठा बापूंच्या हातात दिला आणि म्हणाला, "आता पाण्यात पडली तरी काय हुत न्हाय, पप्पा!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बापूंनीही वाजवल्या.

पुढच्या रविवारी त्यातलं एक घेऊन आले. "पोरानं अख्खा पगार घातला ओ ह्यात," एवढंच म्हणाले. शिवाण्णानं ते उजेडात धरलं. ट्यूबलाइट पानावर अशी चमकली की चित्रच दिसेना.

"काय वाईट न्हाय बापू," शिवाण्णा म्हणाला. "जेवताना ताटाखाली घ्या. पुसलं की झालं."

दोन महिने बापू त्याच्याशी बोलले नाहीत. मग परत यायला लागले. कारण बेळगावात दुसरं दुकानच नाही!

*

शिवाण्णाकडं मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही कॉमिक्स. एकदा दोन पोरं आली, कपाळाला टिळा, गळ्यात उपरणं. म्हणाली, "मराठी अंक खालच्या फळीवर का? वर घ्या." शिवाण्णानं घेतले. "आमची मायबोली हाय," असं त्याला बजावून गेली. दुसऱ्या आठवड्यात दुसरी दोन आली. ती कन्नडमध्ये तेच बोलली. शिवाण्णा म्हणाला "आयतु, आयतु", म्हणजे झालं, झालं, आणि कन्नड अंक वर घेतले.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं दोन्ही खाली ठेवले आणि सगळ्यात वर इंग्रजी लावले. तेव्हापासून कुणाचीही तक्रार नाही!

माझ्या समासात याची एकच ओळ आहे. त्या चार पोरांपैकी एकानंही एकही अंक विकत घेतला नाही, उघडूनसुद्धा बघितला नाही.

*

तसं उघडून आम्ही तरी कुठं बघतो! शिवाण्णाचा नियम म्हणजे अंक हाती आला की जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, मागं पुठ्ठा लावायचा, तोंड मशिनवर चिकटवून टाकायचं. "उघडला की अंक मेला," असं तो म्हणतो. सीलबंद अंकाची किंमत तिप्पट. सील तोडलं की ती रद्दी.

एकदा बंगळूरहून एक तरुण गृहस्थ मोटारीनं आले. पांढरे हातमोजे घालूनच दुकानात शिरले. मी जरा वाकून बघायला गेले, तर म्हणाले, "मॅडम, प्लीज, अंकावर श्वास सोडू नका." मी श्वास रोखला. त्यांनी भिंगातून कोपरे तपासले, पिना तपासल्या आणि आठ अंक घेतले.

त्यातल्या एका अंकाकडं बोट दाखवून कांबळे सर कौतुकानं म्हणाले, "चांगला अंक निवडलात. यातली गोष्ट छान आहे. लहानपणी वाचलाय का?"

"नाही हो," ते गृहस्थ म्हणाले. "वाचायचाय कुणाला? वाचायला पीडीएफ आहे ना!"

सर हसले नाहीत. आम्ही हसलो.

*

सरांचं मात्र वेगळं होतं. त्यांना वाचायचंच होतं, तेही एकच. 'दर्याचा दौलू' नावाची मराठी चित्रकथा. दौलू नावाच्या खलाशाच्या पोराची, बेपत्ता बापाला शोधणारी. चोवीस अंक निघाले आणि छापणारा प्रेस बंद पडला. म्हणून पूर्ण संच चोवीसचा, आणि चोविसावा शेवटचा. सरांकडं तेवीस होते.

त्यांचे मोठे भाऊ, दादा, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. गावात कॉमिक्स भाड्यानं वाचायला देणारं एक दुकान होतं. पण तिथल्या बाकावर या दोघा भावांना बसू देत नसत. म्हणून दादा आठवड्याच्या मजुरीतून अंक विकतच आणायचे. आणायचे ते, वाचून दाखवायचे धाकटे सर. "मला वाचन दादानं शिकवलं," सर म्हणायचे. "ज्याला येत नव्हतं, त्यानं!"

तेविसाव्या अंकात दौलू दीपगृहाच्या दोरीला लटकतोय, वर कुणीतरी सुरा घेऊन उभा आहे, तोंडावर अंधार. पुढच्या महिन्यात वखारीतलं काम बंद होतं. चोविसावा अंक घरी आलाच नाही.

आता दादा अंथरुणाला खिळलेले. एकदा बापू आणि मी निपाणीला त्यांना बघायला गेलो होतो. सरांनी आमची ओळख करून दिली. दादांनी बापूंचा हात धरला आणि विचारलं, "तुमी पुस्तकवालं न्हवं? मग सांगा की. दौलूची दोरी कुणी कापली?"

बापू म्हणाले, "बघतो." येताना बसमध्ये त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "आक्का, मी कायबी बनवून सांगितलं असतं तर चाललं असतं का ओ?"

*

बनवून सांगितलेलं चालत नाही, हे लवकरच कळलं. मोबाइलवर कुणीतरी चोविसावा विकायला काढला होता. सरांनी मागवला. सीलबंद पाकीट आलं, वर मुखपृष्ठ चोविसाव्याचंच. सर आनंदानं थेट दादांच्या उशाशी जाऊन बसले, पाकीट फोडलं, वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच पानावर त्यांच्या लक्षात आलं, आत दौलूचाच कुठला तरी जुना अंक घालून पिना मारलेल्या आहेत. पण दादांचा चेहरा इतका खुलला होता की त्यांना थांबवेना. तसंच पुढं वाचत राहिले.

तिसऱ्या पानावर दादांनी हात वर केला.

"थांब रं. ह्ये सातवं हाय. आता त्यो मासा नाव गिळतोय बघ."

*

आता जे सांगते ते समासात नाही, मुख्य नोंदीत आहे. तारखेसकट.

कॅम्पात एक बाई राहायच्या. यजमान फौजेतून निवृत्त होऊन वारलेले, मुलगा परदेशी. घर रिकामं करायचं म्हणून त्यांनी शिवाण्णाला बोलावलं आणि यादी करायला तो मला घेऊन गेला. मुलाच्या कॉमिक्सची पत्र्याची पेटी होती. शिवाण्णानं झाकण उघडलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "वाळवी लागल्या मॅडम. रद्दीच्या भावानं उचलतो."

वाळवी नव्हती. मी बघत होते.

बाई म्हणाल्या, "भाव राहू द्या. पोरांना वाचायला देणार असाल तर तशीच न्या." वर आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली.

"देतो की!" शिवाण्णा म्हणाला.

दुकानात आल्यावर पेटी उपसली, तर तळाला दौलूचा चोविसावा. कोरा! मी म्हणाले, "सरांना फोन करते." शिवाण्णानं माझ्या हातातला फोन अलगद काढून टेबलावर ठेवला.

"आक्का, जरा विचार करा. चोवीस मिळाला की सर कशाला येतील इथं? चोवीस हुडकत येत्यात आनि बाकीचं घेऊन जात्यात. नंतर देऊ की. पळून जातोय काय अंक?"

मग त्यानं पेटीतून दुसरं एक काढलं. एका बंद पडलेल्या मुलांच्या मासिकाचा दिवाळी अंक. मी कित्येक वर्षं शोधत होते तो. पिशवीत घातला, सील केला आणि माझ्यापुढं सरकवला.

मी तो घेतला.

त्यानंतर चार वर्षं दर रविवारी सर मला विचारायचे, "आक्का, तुमच्या वहीत चोवीस कुणाच्या नावावर आहे का हो?" आणि मी म्हणायचे, "नोंद नाही, सर." नोंद होती. माझ्याच अक्षरात होती, चोविसाव्यापुढं लाल शाईनं 'शेवटचा अंक' असंही लिहिलेलं होतं.

*

गेल्या पावसाळ्यानंतर दादांना बेळगावात दवाखान्यात आणलं. एका रविवारी सर तिथूनच दुकानात आले, हातात डब्याची पिशवी. डबा तसाच भरलेला होता. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दादा आता माणसं ओळखत नाही. मला डॉक्टर म्हणतो. काल म्हणाला, 'डॉक्टर, त्या दौलूचं काय झालं?'"

 बापू जमिनीकडं बघत होते. शिवाण्णा झेरॉक्सच्या कागदाचं रीम फोडत होता.

मी म्हणाले, "शिवाण्णा, वरच्या कप्प्यातला चोवीस काढा."

रीम त्याच्या हातात तसंच राहिलं. पण क्षणभरच. लगेच तो स्टुलावर चढला. "काढणारच हुतो की आक्का! सरांना सरप्राइज द्यायचं हुतं." धूळ फुंकली आणि अंक सरांच्या हातात दिला.

"कधीपासून आहे हा इथं?" सरांनी विचारलं.

शिवाण्णा माझ्याकडं बघायला लागला. वही माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही.

सरांनी पुन्हा विचारलं नाही. टेबलावरची कात्री घेतली आणि अंकाच्या सीलबंद पिशवीच्या तोंडाला लावली.

"सर, फाडू नका!" आम्ही तिघंही ओरडलो. मीसुद्धा!

त्यांनी पिशवी कापली, पुठ्ठा बाजूला ठेवला आणि झेरॉक्सच्या मशिनला टेकून उभ्या उभ्या वाचायला लागले. आधार कार्डाची झेरॉक्स मागायला एक बाई आली, तिला बापूंनी हातानंच परत पाठवलं. सर एकेक पान सावकाश उलटत होते. मधेच ओठ हलायचे. दादांना कसं वाचून दाखवायचं, याची तयारी करत असावेत.

शेवटच्या पानाशी थांबले.  मग मोठ्यानं वाचलं, अगदी वर्गात वाचावं तसं.

"दोरी तुटली! पण ती कापणारा हात कुणाचा? दौलूचा बाप जिवंत आहे काय? शेवट पुढील अंकी."

"म्हंजे?" बापू म्हणाले.

शिवाण्णानं अंक घेतला. मागून पुढून बघितला, पानं मोजली, चष्मा वर करून शेवटची ओळ वाचली. इतकी वर्षं हा माणूस 'चोवीस अंकांत दौलू संपूर्ण' असं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. ऐकणाऱ्यांपैकी एकानंही कधी चोविसावा उघडून खात्री केली नव्हती.

त्यानं अंक सरांना परत दिला. शर्टाच्या टोकाला चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला.

"पंचवीस हाय, सर," तो म्हणाला. "धारवाडात एकाकडं. जरा थांबावं लागंल, पन देतो."

सरांनी चोविसावा अंक डब्याशेजारी पिशवीत सरळ उभा ठेवला. पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं.