प्रश्न समजावून सांगितले आहेत

माझ्या नावाने घरी आलेलं पहिलं टाईप केलेलं पत्र म्हणजे साक्षीला हजर राहण्याची नोटीस होती. पोस्टमनने माझी सही घेतली तेव्हा आईला वाटलं, नोकरीचा कॉल आला. मी बी.कॉम. होऊन बँकांच्या परीक्षा देत होते आणि आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत सगळेच त्या कॉलची वाट बघत होते. आई ओले हात पदराला पुसत म्हणाली, "उघड गं, उघड."

मी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हटलं, "नोकरीचं नाहीये. दुसरंच काहीतरी आहे."

दुसरं काय, ते सांगायला मला दुपारपर्यंत धीर झाला नाही. कारण मला कशाबद्दल बोलावलंय हे मला ठाऊक होतं, आणि मी खरं बोलले तर बाबांची एजन्सी जाईल हेही ठाऊक होतं. भांडुपची त्यांची फॅक्टरी बंद पडल्यापासून आमचं घर त्या विम्याच्या एजन्सीवरच चालत होतं.

बाबा माणसं जोडण्यात हुशार होते, पण इंग्रजीत लिहायचं म्हटलं की त्यांचा हात अडखळायचा. विम्याचे अर्ज तेव्हा इंग्रजीत भरायची पद्धत होती. मी नन्सच्या शाळेत शिकलेले. माझं अक्षर गोल, सरळ आणि एका मापाचं होतं. अकरावीपासून रविवारी सकाळी मी बाबांचे अर्ज भरायला बसायचे. मला ते काम आवडायचं. कुणाशी बोलावं लागत नसे. बाबा माणसाला समोर बसवून गप्पा मारत, आई चहा आणे, आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर पाट मांडीवर घेऊन लिहीत असे.

अर्जाच्या दुसऱ्या पानावर तब्येतीचे प्रश्न असत. क्षय, दमा, मधुमेह, हृदयविकार, गेल्या पाच वर्षांत आठवड्याहून जास्त औषधोपचार. समोर उत्तराचा रकाना. ते प्रश्न बाबा कधीच विचारत नसत. घरी आलेल्या माणसाला चहा देऊन, तुम्हाला क्षय झाला होता का, असं कसं विचारायचं? त्यामुळे शनिवारीच मी सात-आठ कोऱ्या अर्जांची ती पानं काढून सगळ्या रकान्यांत 'नो' लिहून ठेवायचे. माणूस आला की फक्त नाव, वय, पत्ता आणि वारस भरायचा. वेळ वाचायचा.

अर्जाच्या शेवटी एक छोटा मजकूर होता. अर्जदार मराठीत सही करणार असेल, तर तिऱ्हाईत माणसाने खाली लिहून द्यायचं, की मी सगळे प्रश्न अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितले आहेत आणि त्याने दिलेली उत्तरंच लिहिली आहेत. एजंटची सही तिथे चालत नसे. मी अठरा वर्षं पूर्ण केली त्या महिन्यात बाबा म्हणाले, "आता तू सही करू शकतेस." मला मोठं झाल्यासारखं वाटलं. तो मजकूर मी वाचला होता, नीट समजलाही होता. तरी सही केली.

ज्या अर्जावरून नोटीस आली तो आमच्या मागच्या चाळीतल्या एका काकांचा होता. मूळचे मालवणकडचे. गिरणी सुटल्यावर एका कारखान्यात वॉचमन झाले होते. सही करताना त्यांनी पेन बोटांत घट्ट धरलं होतं आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाले होते, "तुझ्यासारखा अक्षर आमच्या साहेबाचा पण नाय." बस, तेवढंच आमचं बोलणं. पुढच्याच वर्षी कारखान्याच्या गेटवर त्यांना हार्ट अटॅक आला आणि ते गेले.

पॉलिसीला दोन वर्षं व्हायच्या आत माणूस गेला की कंपनी चौकशी करते. कंपनीचा माणूस कामगारांच्या इस्पितळात जाऊन जुने कागद काढून घेऊन आला. अर्जाच्या तीन वर्षं आधी काकांवर क्षयाचे उपचार झाले होते. मग कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून काकी ते घेऊन माझ्याकडेच आल्या.

बाबा बाहेर गेले होते. काकी उंबऱ्याच्या आत टेकल्या आणि घडी केलेला कागद माझ्या हातात दिला. "वाच गो बाय, काय म्हणतत ते."

मी आधी मनात वाचलं. मग एकेका वाक्याचं मराठी करून सांगितलं. अर्जदाराने आजार लपवला. प्रश्नाला 'नाही' असं खोटं उत्तर दिलं. सबब पैसे देता येत नाहीत.

काकींनी विचारलं, "नाय कधी म्हटला ह्येंनी? कोणाक म्हटला?"

मी कागदाची घडी करायला लागले. ती नीट बसेना.

"आमी काय एक लपवूक नाय," त्या म्हणाल्या. "तीन महिने खाटेवर होते. सगळ्या चाळीक म्हायत. तुझे बाबा स्वतः इल्ले हास्पिटलात, मोसंबी घेवन."

मोसंबी घेऊन बाबा गेले होते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.  ते 'नो' माझ्या हातचं आहे, हे त्यांना कळलेलं नव्हतं. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या, आणि मी मोरीत जाऊन उगीचच हात धुवत बसले.

संध्याकाळी बाबांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे काय? बरा झाला होता तो. बऱ्या झालेल्या माणसाला आजारी कसं लिहायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि टीबी लिहिलं असतं तर पॉलिसीच मिळाली नसती. त्याच्या बायकोच्या हाती काय लागलं असतं?"

आता तरी काय लागलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. 

एवढ्यावर ते मिटलं असतं. त्याआधी असे क्लेम तसेच मिटत. कोर्टात जा म्हटलं की लोक घरी जात. पण ग्राहकांसाठीचा नवा कायदा येऊन थोडे दिवस झाले होते, आणि घाटकोपरला बायकांचा एक गट दर बुधवारी लोकांना तक्रारी लिहून देत होता. काकींना कुणीतरी तिथे नेलं. दोन महिन्यांत त्या कायद्याने नेमलेल्या ग्राहक मंचाची कंपनीला नोटीस गेली. कंपनीने उत्तरात म्हटलं की प्रश्न समजावून सांगितल्याचं लेखी निवेदन अर्जावरच आहे. त्याखाली माझी सही होती. म्हणून मला बोलावणं.

बाबांच्या वरचे डेव्हलपमेंट ऑफिसर, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, ते त्या रविवारी घरी आले. मोठ्याने हसणारा माणूस. त्या दिवशीही हसले, पण चहा तसाच राहिला.

"तुझं अक्षर एवढं छान नसतं ना, तर कुणी ओळखलंही नसतं," ते मला म्हणाले. मग बाबांकडे वळले. "हे नवीन मंच म्हणजे आपली वाट लागणार आहे बघा. फी नाही, वकील नाही, साध्या कागदावर लिहायचं. ऑफिसात वरपासून खालपर्यंत कुणालाच माहीत नाही हे लोक काय निकाल देतील. आज एक बाई गेली, उद्या रांग लागेल."

"मग हिने काय सांगायचं?" बाबांनी विचारलं.

"काय म्हणजे? विचारलं होतं म्हणायचं. मी विचारलं, ते नाही म्हणाले, मी लिहिलं. तीन वाक्यं. शाळेत पाठांतर केलंस ना गं?"

"काका आता नाहीत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"तेच तर. मग खोटं कोण म्हणणार?"

आई भांडी पुसत होती. तिने एक ताट जोरात ठेवलं. साहेब उठले, चपला घालताना म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. तिथे कुणी खात नाही." ते गेल्यावर बाबांनी त्यांचा गार झालेला चहा मोरीत ओतला. त्यांनी मला खोटं बोल म्हटलं नाही. खरं बोल असंही म्हटलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तारखेपर्यंतचे तीन आठवडे मी त्या एका अर्जाला घाबरत होते असं आता म्हणता येईल, पण ते पुरतं खरं नाही. मला बाकीच्या अर्जांची भीती वाटत होती. पाच वर्षांतले कितीतरी रविवार. ती सगळी माणसं आमच्याच आसपास राहत होती. स्टेशनकडे जाताना शिंपीकाका खोकले की मी थांबायचे. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई जिन्यात धाप लागून टेकल्या की मला त्यांच्या अर्जाचं दुसरं पान दिसायचं. रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली की ती कुठे वळते ते मी गॅलरीत येऊन बघायचे. लोक मला हसून विचारत, काय, नोकरी लागली का? मी मान हलवून निघून जायचे. कुणाच्या घरात कसला आजार मुरलेला आहे मला माहीत नव्हतं, आणि प्रत्येकाला काही झालेलं नाही हे मीच लिहून दिलं होतं.

मंचाची खोली नवी होती. म्हणजे खोली जुनी, सरकारी, पण टेबलं नवी. भिंतीला रंगाचा वास येत होता. टेबलापलीकडे तिघं बसली होती, त्यात एक वयस्क बाई. काकी बाकाच्या टोकाला, हिरव्या काठाच्या धुवट साडीत. बाबा आणि साहेब मागे. काकींनी मला बघून मान डोलावली, ओळखीचं माणूस आलं म्हणून बरं वाटावं तशी. 

कंपनीच्या वकिलांनी अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, हे अक्षर तुमचं का, ही सही तुमची का. मी दोन्हीला हो म्हटलं.

"प्रश्न अर्जदाराला समजावून सांगितले होते?"

पाठ केलेली तीन वाक्यं जिभेवर तयार होती. इंग्रजीत ती किती सोपी होती! काकींना कळलीसुद्धा नसती. मी बाकाकडे बघितलं. काकी पुढे वाकून माझ्या ओठांकडे बघत होत्या, शब्द कळत नसले तरी.

मी मराठीत म्हटलं, "नाही. विचारलेच नव्हते. उत्तरं आदल्या दिवशीच लिहून ठेवलेली होती."

वकिलांनी कागद उचलला आणि परत ठेवला. मागे साहेब खाकरले. टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, "ह्या एकाच अर्जात?"

ह्या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. कुणीच केली नव्हती. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं.

"सगळ्या," मी म्हटलं. "मी भरलेल्या सगळ्या."

जिन्यात बाबांनी मला गाठलं. चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते कठड्याला धरून म्हणाले, "ह्याचं खरं सांगितलंस ते ठीक. पण सगळे म्हणायची काय गरज होती गं?"

  धीर होता म्हणून बोलले असं लोक म्हणतात. तसं नव्हतं. ते अर्ज एकटीने सांभाळणं मला झेपत नव्हतं, इतकंच.

निकाल काकींच्या बाजूने लागला. बाबांनी मोसंबी नेल्याचं काकींनी तिथे सांगितलं होतं. एजंटला माहीत असलेलं कंपनीला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही, असं काहीसं त्यात होतं. त्याच आठवड्यात बाबांना कंपनीचं पत्र आलं. तुम्ही आणलेल्या प्रत्येक अर्जाचा खुलासा एका महिन्यात करा. ज्यांचे आजार लिहायचे राहिले असतील त्यांच्याकडून नव्याने लिहून आणा. एजन्सी ठेवायची की नाही, ते त्यानंतर ठरेल.

 रविवारी सकाळी बाबांनी डायरीतून नावांची यादी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल. ह्या वेळी तूच विचार, मराठीत."

पहिलं घर शिंपीकाकांचं. त्यांनी आम्हाला बसवलं, पंखा लावला. मी प्रश्न वाचला. काकांची बायको काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात काकांनी तिच्याकडे बघितलं आणि ती आत निघून गेली. त्या वॉचमनच्या बायकोचं काय झालं होतं, जुना आजार निघाला म्हणून पैसे कसे अडकले होते, ते आतापर्यंत सगळ्या मुलुंडला कळलं होतं. काका हसून म्हणाले, "आम्हाला कसला आजार? तुम्हाला कुणी काही सांगितलं का?" पुढच्या घरी दार अर्धंच उघडलं. त्याच्या पुढच्या घरातल्या आजोबांनी उशाशी ठेवलेल्या औषधाच्या बाटलीवर वर्तमानपत्र सरकवलं आणि मग मला म्हणाले, विचार.

दिवाळीच्या आत एजन्सी गेलीच. पण त्या रविवारी आम्हाला अजून आशा होती. उन्हं डोक्यावर येईपर्यंत आम्ही अकरा घरं फिरलो. मी प्रत्येक ठिकाणी सगळे प्रश्न शब्दन् शब्द, सावकाश, समजावून विचारले. अकरा घरांत कधीच कुणी आजारी पडलेलं नव्हतं.