जप्त केलेला फळा

आर्वीकडे जाताना पाण्याची उंच टाकी दिसली की मला अजूनही तो म्हातारा गवंडी आठवतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी वर्धा जिल्ह्यातल्या त्या भागात ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही.

शाळेला लागून नवी टाकी उभी राहिली होती. गवंडीबुवा चौकातल्या आपल्या फळ्यावर रोज लिहीत, ‘टाकीचे खांब कच्चे हायेत. ठेकेदार अन् पंचायत मिळून लपवून राह्यले.’ एका वर्तमानपत्राने त्यावर मथळा छापला: ‘भ्रमिष्ट गवंड्याला जिकडेतिकडे दिसतो कट’. त्याच सकाळी पंचायतीतल्या एकाचा फोन आला, की बाया पोरांना शाळेतून काढून नेत आहेत, चौकात हाणामारी होईल. मी हवालदार पाठवून म्हाताऱ्याला बोलावलं आणि फळाही उचलून आणवला. स्टेशन डायरीत लिहिलं, ‘भ्रमिष्ट, अफवा पसरवणारा इसम’. ‘भ्रमिष्ट’ हा शब्द पेपरचा होता. त्या माणसाशी मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो.

अफवा पसरवणारा माणूस दहा मिनिटांत ‘लोक म्हणतात’वर येतो, असा माझा अनुभव. मी दरडावून विचारलं, “तुला हे कोणी सांगितलं?”

“कोणी नाई, साहेब. काचेनं सांगतलं.”

पेपर खराच म्हणायचा, असं मला वाटलं. म्हातारा शांतपणे सांगू लागला. “खांबाच्या भेगेवर काचपट्टी आडवी बसवाची, दोन्ही टोकं सिमेंटात. भेग वाढली नाई, त काच शाबूत राह्यते. वाढली, त तुटते. म्या चार लावल्या, चारही तुटल्या.”

“कोणी फोडल्या असतील.”

“मंग तुमीच लावा. पहारा ठेवा. पण आधी पोरायले तितून हटवा. मले आत टाकाचं त टाका.”

स्वतःसाठी त्याने काहीच मागितलं नाही. तेव्हाच मी थोडा हललो. शाळा देवळाच्या सभामंडपात भरवायला लावली. पंचांसमक्ष काच बसवली, पंचनामा केला, दोन शिपाई ठेवले. पाचव्या दिवशी दुपारी शिपाई धावत आला. जाऊन पाहतो तर काच मधोमध तडकलेली, आणि हात कोणाचाच लागलेला नाही. त्याच दुपारी मी अहवाल लिहायला बसलो.

अहवाल वर गेला, इंजिनिअर आले, टाकी रिकामी करून पाडली. त्याच पेपरने ‘पोलिसांच्या सतर्कतेमुळे अनर्थ टळला’ असं छापलं. गवंडीबुवाचा उल्लेख नाही, ‘भ्रमिष्ट’बद्दल खेद नाही. मी फळा स्वतः पोचवला, चुकलं म्हणालो. तो एवढंच बोलला, “खडू बी होता, साहेब.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा मजकूर होता. ‘ठाणेदारानं फळा नेला, महिनाभर ठेवला. कोन्त्या कायद्यानं नेला, सांगावं.’ हवालदार पुसायला पुढे झाला, मी त्याचा हात धरला. नोकरीत मी नामचीन गुंड पाहिले, पण इतका निर्भय माणूस पाहिला नाही. माणसाला लोकांनी काय नाव ठेवलंय ते नंतर. तो बोट कुठे दाखवतोय ते आधी बघावं, हे मी त्याच्याकडून शिकलो.

चौकात गर्दी होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, “याचं उत्तर माझ्यापाशी नाही.”

म्हाताऱ्याने मान डोलावली, खडू उचलला आणि प्रश्नाखाली तेही लिहून टाकलं.