चाकांविषयी आदरपूर्वक निवेदन

कालिस्त बोनाफूला या जगात हक्काची अशी एकच जागा होती: नौदलाच्या टेहळणी विमानात, वैमानिकाच्या पाठीमागे, हातपंपाला लागून असलेली कॅनव्हासची खुर्ची. जमिनीवर तो सत्तेचाळीस वर्षांचा एक सामान्य यंत्रज्ञ होता, ज्याला भटारखान्यातही सूप शेवटी मिळे. खुर्चीत बसला, खाली दक्षिण फ्रान्समधले सेतचे खारे सरोवर पसरले, कालवांचे शिंपले वाढवण्याच्या वाड्या रेघांसारख्या दिसू लागल्या, की तो कोणीतरी होई.

इंग्रजांनी भरपूर वापरून झाल्यावर उदार मनाने दिलेल्या त्या विमानाला तळावर ‘बदकी’ म्हणत. ती जमिनीवरही उतरे आणि पाण्यावरही. धावपट्टीवर उतरताना चाके खाली हवीत, पाण्यावर उतरताना वर. चाके खाली ठेवून पाण्याला टेकली, की नाक बुडून ती उताणी पडे. हे ध्यानात ठेवण्यासाठी सरकारने वैमानिक नेमला होता, आणि वैमानिकाच्या ध्यानात आणून देण्यासाठी कालिस्त. पाणी जवळ आले की तो ओरडे, “चाकं!” मग पुढे खिट्टी ओढली जाई आणि मागे कालिस्त पंप मारी. खिट्टी अर्थातच अधिकाऱ्याच्या हाताशी होती. कनिष्ठाच्या वाट्याला पंप.

त्या वर्षी तळावर कमांडंट दे केरमादेक आले. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या आरमारी अधिकारी होऊन गेले होते, आणि तिन्ही पिढ्यांनी मिळून किती जहाजे बुडवली हे ते अभिमानाने सांगत. एकदा एका खासदाराची पत्नी विमानातून फिरायला आली होती. सरोवर जवळ आले, चाके खालीच होती, आणि कालिस्त नेहमीसारखा ओरडला. विमान वाचले. पण बाईंनी उतरताना गोड हसून विचारले, “कमांडंट, मागे बसलेले ते तुमचे मास्तर का हो?”

दुसऱ्या दिवशी फलकावर हुकूम लागला: विमान उतरत असताना कनिष्ठांनी अधिकाऱ्याशी तोंडी बोलू नये, काही कळवायचे असल्यास लेखी कळवावे, उल्लंघन करणाऱ्याची विमानातील जागा काढून घेतली जाईल.

“लेखी?” कालवे फोडता फोडता फिलोमेन, त्याची बायको, हसू लागली. “आणि पोस्टमन कुठे बसवणार? पंखावर?”

“हुकूम आहे, फिलोमेन.”

“अरे बाबा, चाकं खाली दिसली की घाल एक लाथ त्याच्या पाठीत!”

“खुर्ची जाईल माझी.”

“आणि उताणा पडून बुडालास, तर खुर्ची काय काठावर वाट बघत बसणार आहे?”

परंतु लहानपणी सुवाच्य अक्षर आणि शुद्ध पत्रलेखनासाठी त्याला शाळेत दोन बक्षिसे मिळाली होती, आणि अशा माणसाचा लेखी व्यवहारावर फार विश्वास असतो.

वसंतात तपासणीसाठी ॲडमिरल आले. बदकी धावपट्टीवरून उडाली, आणि आजोबांनी दुसरे जहाज कसे बुडवले हे ॲडमिरलना सांगण्याच्या भरात कमांडंट चाके वर घ्यायला विसरले. सरोवर दिसू लागले. कालिस्तने खिडकीतून पाहिले: चाके खाली. शब्द घशापर्यंत आला. त्याने खुर्चीची कड घट्ट धरली, शब्द गिळला आणि वही-पेन्सिल काढली.

‘चाके खाली’ एवढेच लिहायचे होते. पण नौदलात वरिष्ठाला आजवर कोणी असे उघडेबोडके काही लिहिलेले नव्हते. हात आपोआप चालू लागला: ‘माननीय कमांडंट महोदय, अत्यंत आदरपूर्वक आपल्या निदर्शनास आणून देण्याचा बहुमान मला लाभत आहे की...’

कागद पुढे गेला. आदराने लिहिलेले काहीही कमांडंट पहिल्या शब्दापासून आणि मोठ्याने वाचत. ‘बहुमान’ या शब्दाला ॲडमिरलनी पसंतीची मान हलवली. ‘की’ला पाणी आले.

कालिस्तने ॲडमिरलना कॉलर धरून बाहेर ओढले. तिघेही उताण्या विमानाच्या पोटावर बसले. कालववाल्यांच्या होड्या निघाल्याच होत्या. ॲडमिरलच्या खांद्यावर, पदचिन्हांच्या शेजारी, शेवाळ लोंबत होते.

“वाक्य पुरं करा, कमांडंट,” ते म्हणाले. “की काय?”

कमांडंटनी ओला कागद डोळ्यांजवळ धरला. “...की चाकं खाली आहेत, ॲडमिरल.”

चौकशीला तीन अधिकारी बसले. कागद वाळवून टेबलावर ठेवला होता.

“निवेदन पेन्सिलीने का?”

“विमान हलतं, महोदय. शाई सांडते.”

“तारीख कुठे आहे?”

“वेळ कमी होता, महोदय.”

“तारखेला कितीसा वेळ लागतो?”

अहवाल आला. कमांडंटनी स्वतःचा हुकूम तंतोतंत पाळला होता, यंत्रज्ञानेही पाळला होता. सबब दोष चाकांचा. कमांडंटना पॅरिसला बढती मिळाली. आणि इतके निर्दोष गद्य लिहिणारा मनुष्य पंप मारण्यात वाया जात आहे, याबद्दल समितीने खेद व्यक्त केला. कालिस्तला कचेरीत मसुदालेखक नेमण्यात आले.

“आणि माझी खुर्ची?” त्याने विचारले.

“कचेरीत आहे की. चांगली लाकडी. पाठ टेकायची सोय आहे.”

त्याच्या जागी पास्कीनी नावाचा, कॉर्सिका बेटावरचा यंत्रज्ञ आला. त्याला स्वतःचे नाव लिहिताना मध्ये एकदा दम घ्यावा लागे. दुसरी बदकी आली, नवा कमांडंट आला, हुकूम फलकावर तसाच राहिला. कालिस्त कचेरीच्या खिडकीतून पाही: बदकी चाके सोडून पाण्याकडे झेपावे, मग एकदम दचके, आणि चाके वर जात.

“लेखी कळवतोस?” त्याने एकदा पास्कीनीला विचारले.

“बुटानं कळवतो, बोनाफू. पाठीत.” पास्कीनीने डोळा मारला. “लाथेबद्दल फलकावर काही लिहिलंय का? बघ, तू शिकलेला आहेस.”

कालिस्त वाचून आला. लिहिलेले नव्हते.

खुर्ची परत मागण्याचा अर्ज तो सहा आठवडे लिहीत होता. अजून पहिली आदराची ओळच संपत नव्हती. त्या दिवशी त्याने ती खोडली आणि पेन्सिलीने लिहिले: ‘मला माझी खुर्ची परत हवी.’ तारीख न घालता कागद स्वतः वर नेऊन दिला.

तिसऱ्या दिवशी अर्ज त्याच्याच टेबलावर आला. वर लाल शाईत शेरा होता: ‘योग्य त्या आदरपूर्वक स्वरूपात मांडून देण्यासाठी, मसुदालेखक बोनाफू यांच्याकडे.’